शेवंती घाडीचं मस्टर

माझ्या नाकावर राग असतो, हे आमच्या कचेरीत शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. मी यशोदा विजयकर, राहणार गिरगाव. छत्तीस वर्षं सरकारी नोकरी केली, त्यातली शेवटची नऊ कार्यालय अधीक्षक म्हणून. परळच्या आमच्या कचेरीत जुन्या दाखल्यांमधल्या नावांच्या चुका दुरुस्त करायचं काम चालतं. कुणाच्या वडिलांचं नाव चुकलेलं, कुणाचं आडनाव अर्धंच पडलेलं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण त्या एका अक्षरापायी माणूस वर्षभर हेलपाटे घालतो.

पण मला सांगायचंय ते शेवंती घाडीबद्दल. तिच्याबद्दल सांगायचं तर आधी माझी चूक सांगावी लागते, म्हणून सुरुवात माझ्यापासून केली. नाहीतर स्वतःची ओळख करून देत बसायची मला हौस नाही.

शेवंती आमच्याकडे वरिष्ठ लिपिक. लालबागची. वय त्रेपन्न, बुटकी, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. हिंदमाताच्या सेलमधल्या सुती साड्या नेसायची आणि त्या इतक्या कडक इस्त्रीच्या असायच्या की आम्ही तिला चिडवायचो, "शेवंती, आज झेंडावंदन आहे का गं?" ती नुसती हसायची. बोलणं कमी, काम चोख. तिच्या हाताखालून गेलेल्या फायलीत मला छत्तीस वर्षांत कधी लाल पेन्सिल लावावी लागली नाही. बरं, छत्तीस नाही, तिच्यासोबतची एकवीस. रागाच्या भरात मी आकडे वाढवते.

करोनात आम्ही सगळेच घरून काम करायला लागलो. फायली संगणकावर गेल्या. मग सगळं सुरळीत झालं, एकेक जण परतला, टेबलांवरची धूळ पुसली गेली. शेवंतीचं टेबल तेवढं रिकामं राहिलं. आधीच्या साहेबांनी तिला "विशेष बाब म्हणून" घरून काम करायची परवानगी दिली होती. कारण लिहिलेलं होतं, सासरे आजारी. आता सासरे आजारी हे आमच्याकडे रजेच्या अर्जातलं एक वाक्य. मी त्याच्याकडे वाक्य म्हणूनच बघत आले होते.

जेवणाच्या सुट्टीत यावरून रोज वाद. एकदा वरून पत्र आलं की घरून काम करणाऱ्या सगळ्यांच्या परवानग्या तपासा, आणि मग तर त्या वादाला ऊत आला. आमच्या विभागातला हितेंद्र म्हणाला, "मॅडम, फाईल कंप्युटरमध्ये आहे. मग मी विरारवरून इथे येऊन तोच कंप्युटर उघडायचा, ह्याला काय लॉजिक आहे?"

"लॉजिक तुझ्या घरी ठेव," मी म्हटलं. "लोक येतात इथे. त्यांना माणूस दिसायला हवा. रिकामी खुर्ची बघितली की म्हातारी माणसं घाबरतात, त्यांना वाटतं आपलं काम बुडालं."

"मग आठवड्यातून एक दिवस बसवा ना माणूस. पाच दिवस कशाला?"

"कारण सरकार पाच दिवस चालतं!" मी डबा आपटून बंद केला. उत्तर लंगडं होतं, आणि हितेंद्रला ते कळलं, म्हणून मी आणखी चिडले.

खरं सांगते, आता लपवून काय करायचंय. गिरगावातल्या माझ्या दोन खोल्यांत माझ्याशिवाय कुणी नाही. लग्न केलं नाही, आई गेली, भाऊ दूर. मला बोलणारं, भांडणारं, चहात साखर कमी झाली म्हणून कुरकुरणारं जे काही होतं ते त्या कचेरीत. आणि एकेक टेबल रिकामं होताना बघितलं की मला माझ्या त्या दोन खोल्या आठवायच्या. ती भीती मी नियम म्हणून मांडायचे.

त्याच आठवड्यात सुंदराबाई आली. शिवडीची म्हातारी, सत्तरीच्या पुढची, तीन जिने चढून. नवऱ्याच्या दाखल्यातल्या नावाची चूक दुरुस्त करायची होती. तिसरी खेप. घामाघूम होऊन शेवंतीच्या टेबलासमोर उभी राहिली आणि रिकाम्या खुर्चीला विचारल्यासारखं म्हणाली, "आजपण नाय आली बाई?"

मी उठून तिला पाणी दिलं, बसवलं, आणि ती गेल्यावर माझं डोकं असं सणकलं की विचारू नका. बसले आणि शेवंतीच्या परवानगीच्या फाईलवर टिपणी लिहिली. आमच्या संगणकावरच्या फायलीत टिपण्या दोन रंगांच्या असतात. पिवळी म्हणजे कच्ची, ती खोडता येते. हिरवी केली की पक्की. मग ती ब्रह्मदेवालाही पुसता येत नाही, खाली नवीन टिपणी लिहिता येते फक्त. मी लिहिलं: "श्रीमती घाडी यांच्या घरी बसून काम करण्यामुळे नागरिकांची गैरसोय होत आहे. परवानगी तात्काळ रद्द करावी." आणि पिवळी ठेवून दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचायची माझी नेहमीची सवय मोडून तिथल्या तिथे हिरवी केली.

आमचे उपसंचालक हेरंब जयवंत. माझ्या भाच्यापेक्षा लहान, पण माणूस शांत. त्यांनी मला बोलावलं. "मॅडम, रद्द करायला दोन मिनिटं लागतील. पण घाडीबाईंनी आधीच सांगितलंय की परवानगी गेली तर त्यांना स्वेच्छानिवृत्ती घ्यावी लागेल. पाच वर्षं आधी. तुम्ही एकदा जाऊन बघून या. न कळवता जा. मग तुम्ही म्हणाल तसं करू."

म्हणजे शेवंतीची नोकरी माझ्या अहवालावर आली. मला वाईट वाटलं का? नाही. मी म्हटलं, बघूच या बाईसाहेब पावणेदहाला झोपलेल्या असतात की कुकर लावत असतात.

शुक्रवारी सकाळी मी लालबागच्या त्यांच्या चाळीत गेले. दुसरा मजला, गॅलरीच्या टोकाची खोली. माझ्या घड्याळात बरोबर पावणेदहा. दार उघडं होतं आणि दारातच एक लाकडी टेबल आडवं लावलेलं. त्यामागे एक म्हातारे गृहस्थ ताठ बसलेले. पांढरा सदरा, वरचं बटण लावलेलं. समोर लांबट वही, एक काळं पेन, एक लाल पेन. मी आत पाऊल टाकणार तोच त्यांनी हात आडवा केला.

"खंय चाललंस? आधी सही."

"मी शेवंतीकडे आलेय. ऑफिसातून."

"बिल्लो खंय?"

मला काही कळेना. पण माझ्या गळ्यात कचेरीचं ओळखपत्र होतं, ते त्यांना दिसलं. त्यांनी चष्मा नाकावर सरकवून ते वाचलं, समाधान झालं, वही माझ्याकडे फिरवली. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. त्यात पाच कमी दहा. "धा मिन्टां लेट इलंस," ते म्हणाले आणि माझ्या नावापुढे लाल शाईने खूण केली.

आता बघा. इतकी वर्षं मी दुसऱ्यांचे लेटमार्क लावले. बाळंतपणाहून परतलेल्या पोरींनासुद्धा सोडलं नाही. आणि मी, यशोदा विजयकर, त्या दारात उभी राहून निमूट सही केली. का केली ते विचारू नका. त्या माणसाच्या आवाजात असं काहीतरी होतं की हात आपोआप पुढे गेला.

तेवढ्यात शेवंती बाहेर आली. मला बघून तिचा चेहरा पांढराफटक पडला. कडक इस्त्रीची साडी, गळ्यात ओळखपत्र. घरात! "मॅडम, तुम्ही? दादांनी तुम्हाला... अगो बाई."

"दादांनी मला लेटमार्क दिला," मी म्हटलं. "आत येऊ का आता?"

खोली एकच, मागे स्वयंपाकाचा कोपरा. शिवणयंत्राच्या टेबलावर संगणक चालू होता. शेवंतीने मला स्टूल दिलं आणि हळू आवाजात सांगायला लागली. मधून मधून दाराकडे बघत होती.

दादा म्हणजे तिचे सासरे, दौलत घाडी, वय ब्याऐंशी. इथल्याच एका गिरणीत एकतीस वर्षं टाइमकीपर. गिरणीच्या दरवाजावर बसून कामगारांची हजेरी घ्यायची, उशीर झाला की लाल खूण, आला नाही की खाडा. गिरणी बंद पडली, पुढे बरीच वर्षं घरी बसले, आणि मग हळूहळू डोक्यातली घडी विस्कटली. शेवंतीचा नवरा वसंत आठ वर्षांपूर्वी गेला, तेही त्यांना कधी आठवतं, कधी नाही. सकाळी उठले की गिरणीत जायला निघायचे. दोनदा शिवडीच्या गोदामांकडे सापडले. एकदा रस्त्यात पडून कपाळ फुटलं.

"कुलूप लावून बघितलं, मॅडम. दार बडवत राहिले दिवसभर. मग एक दिवस मी ऑफिसचं काम घेऊन बसले होते आणि ह्यांनी विचारलं, तू कुठल्या खात्यातली? मी म्हटलं, नावदुरुस्ती खात्यातली. म्हणाले, मग तुझी हजेरी कुणी घेतली? मी खाली जाऊन वही आणली." तिने चष्म्याची दोरी बोटाला गुंडाळली. "त्या दिवसापासून दारातून हलले नाहीत. खात्यात कामगार आहे तोवर टाइमकीपर गेट सोडत नाही ना."

"आणि तू बाहेर गेलीस तर?"

"खातं रिकामं झालं की पाळी सुटली. मग तेही निघतात."

मी वही मागितली. तीन वर्षांच्या तीन वह्या निघाल्या. रोजची एक ओळ: घाडी, शे. व. यायची वेळ, जायची वेळ. रेघा शेवंतीने आखलेल्या, खुणा दादांच्या थरथरत्या हातच्या. भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे, गिरणीतल्यासारखं, त्यामुळे बिचारीला पहिल्या महिन्यात चौदा लाल खुणा मिळालेल्या. पुढे तिने स्वतःचं घड्याळही पुढे केलं. एका गुरुवारी तिला ताप होता, तरी सही होती, आणि पुढे दादांनी लिहिलं होतं: "आजारी. घरी पाठवली." मी विचारलं, घरी म्हणजे कुठे? ती म्हणाली, "स्वयंपाकघरात, मॅडम. पडदा ओढून झोपले."

मला हसू आलं, आणि ते पान मी दोनदा वाचलं. पण मी तिथे तपासणीला गेले होते, आणि मी सहजी विरघळणारी बाई नाही. दीर त्यांना सांभाळत नाही का, हे मी विचारलं. दीर विरारला. त्याचं म्हणणं, कर्जतला एक आश्रम आहे, तिथे ठेवू. "चांगला आहे म्हणतात," शेवंती म्हणाली. "पण तिथे दादा कुणाची हजेरी घेणार?"

मी आवाज कडक केला. "ते सगळं ठीक आहे गं. पण लोकांचं काय? ती शिवडीची सुंदराबाई तीन वेळा तीन जिने चढली. तिचं काम का झालं नाही अजून?"

शेवंतीची नजर संगणकावर गेली. म्हटलं, सापडली. "बोल की. काढ ती फाईल."

तिने काढली. सुंदराबाईच्या नवऱ्याच्या नावाची दुरुस्ती तिने तीन तारखेलाच पूर्ण केली होती, एक अक्षर न चुकता. पुढचा रकाना वाचायला मी चष्मा लावला. "सद्यःस्थिती: मंजुरीसाठी प्रलंबित. कोणाकडे: कार्यालय अधीक्षक." दिवस अकरा.

कार्यालय अधीक्षक म्हणजे मी.

मी तो रकाना पुन्हा वाचला. मला कागद हातात लागतो, त्याशिवाय काम आल्यासारखं वाटत नाही. संगणकावरच्या फायली कुणीतरी छापून टेबलावर ठेवायचं, मग मी बघायचे. छापणारा शिपाई पंधरा दिवस रजेवर होता. आणि मी समजत होते, हल्ली काम कमी झालंय. "अशा किती आहेत?" मी विचारलं.

"एकशे बेचाळीस, मॅडम." ती खाली बघत म्हणाली, चूक तिची असल्यासारखी. "मी दोनदा आठवण पाठवली होती. पण ती पण संगणकावरच आली असेल."

"आणि तू तोंडाने सांगितलं नाहीस? फोन करता येत नव्हता?"

"तुम्हाला कसं सांगणार, मॅडम?"

कर्म माझं. एकवीस वर्षांत या बाईला मी एवढाही विश्वास दिला नव्हता, की माझी चूक तिने मला सांगावी. मी उठले. शरमेने माझे कान गरम झाले होते आणि मला तिथून पळ काढायचा होता. पण दारात दौलत घाडी बसलेले.

"पाळी सुटल्याशिवाय भायर जावक गावाचा नाय," त्यांनी बजावलं.

"मी साहेब आहे," मी म्हटलं. मूर्खासारखं.

"सायब मागच्या गेटान जाता." आणि त्यांनी वहीवर हात ठेवला.

शेवंतीने मला खुणेने बसवलं. तिने कुकर लावला, संगणकाशी बसली आणि मी स्टुलावर बसून तिचं काम बघत राहिले. साडेबाराला कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या. तिसऱ्या शिट्टीला म्हाताऱ्याने मान वर केली, टेबल सरकवलं आणि जाहीर केलं, "सुटी झाली." तो त्या घरातला भोंगा. मला वरणभात खाल्ल्याशिवाय सोडलं नाही, हे सांगायला नको.

परत कचेरीत जाऊन मी हितेंद्रला शेजारी बसवलं. "शिकव मला हे," मी म्हटलं. त्याने चेष्टा करायला तोंड उघडलं होतं, पण माझ्याकडे बघून मिटलं. तीन दिवसांत एकशे बेचाळीस फायली मोकळ्या केल्या. सुंदराबाईची पहिली. तिचं पत्र मी स्वतः शिवडीला नेऊन दिलं, आणि तिने मला शेवंती समजून माझ्या तोंडावरून हात फिरवला. मी तिला दुरुस्त केलं नाही. ते मला आजही खुपतं.

मग शेवंतीच्या परवानगीची ती फाईल उघडली. माझी हिरवी टिपणी तिथे ठणठणीत उभी. तिच्याखाली मी लिहिलं: "वरील टिपणी माझी असून ती चुकीची आहे. श्रीमती घाडी यांचे कोणतेही काम प्रलंबित नाही. नागरिकांची गैरसोय अधोस्वाक्षरीत यांच्यामुळे झाली. श्रीमती घाडी यांच्या घरी त्यांची हजेरी या कार्यालयापेक्षा काटेकोरपणे घेतली जाते, हे मी स्वतः अनुभवले आहे. परवानगी कायम ठेवावी." अर्धा तास पिवळी ठेवली. हात पुढे जाईना. त्या फाईलवर माझ्यानंतर येणारा प्रत्येक जण हे वाचणार होता. मग केली हिरवी.

जयवंत साहेबांनी परवानगी कायम ठेवली, एका अटीवर. मंगळवार हा लोकांना भेटायचा दिवस. मंगळवारी शेवंतीने कचेरीत बसायचं, बाकी दिवस घरून. हितेंद्र मला म्हणाला, "बघा मॅडम, मी म्हटलेलं ना, एक दिवस." मी म्हटलं, "गप रे." पण त्याचं बरोबर होतं, आणि लोकांना माणूस दिसायला हवा हे माझंही बरोबर होतं.

मंगळवारचा प्रश्न शेजारच्या जुईने सोडवला. जुई ब्लाउज शिवते. मंगळवारी ती तिची कापडं घेऊन शेवंतीच्या खोलीत बसायची, शिवणयंत्र चालवायची, आणि दौलत घाडींच्या वहीत तिची ओळ पडली. यंत्राचा आवाज आला की ते खूश. साहेबांच्या सांगण्यावरून मला दर शुक्रवारी भेट देऊन अहवाल द्यायचा होता. अहवाल दोन ओळींचा, भेट तीन तासांची. शेवंती आता माझ्याशी बोलायला लागली. अर्ध्या गोष्टी मला कचेरीत एकवीस वर्षांत कळल्या नव्हत्या: ती कोळंबीचं सुकं किती छान करते, वसंत गेला त्या आठवड्यात ती कामावर आली होती आणि मी तिला उशिराबद्दल बोलले होते. मला ते आठवतही नव्हतं. तिने राग धरला नव्हता, नुसतं सांगितलं.

जूनअखेर, सोमवारी, मी निवृत्त झाले. शाल, श्रीफळ, भाषणं. हितेंद्र चक्क रडला. शेवंतीला सोमवारी येता येत नव्हतं, म्हणून संध्याकाळी पेढे घेऊन मीच लालबागला गेले. दादांनी ओळखपत्र मागितलं. मी ते दुपारीच जमा करून आले होते. गळ्यात काही नाही. त्यांनी मला आत सोडायला साफ नकार दिला. शेवंतीने कशीबशी समजूत काढली.

आत गेले तर जुईचं शिवणाचं सामान दिसलं नाही. संगणक काम संपल्यासारखा आवरून शेल्फवर ठेवला होता. सही करायला मी वही उघडली आणि पानांमध्ये घडी घातलेला कागद सापडला. स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज. शेवंतीचं सुंदर अक्षर, तारीख उद्याची.

"हे काय?"

"जुई डोंबिवलीला गेली, मॅडम, शनिवारी. कायमची. उद्या मंगळवार." ती माझ्या हातातून कागद घ्यायला बघत होती. "तुमचा आजचा दिवस होता, म्हणून उद्या सांगणार होते."

"पुन्हा तेच! पुन्हा सांगितलं नाहीस!" मी अशी ओरडले की गॅलरीतल्या दोन बायका डोकावल्या. "एकवीस वर्षं माझ्यासोबत काढलीस आणि एक वाक्य तोंडातून निघत नाही तुझ्या? मी काय खाते का गं तुला?"

"तुम्हाला कसं सांगणार, मॅडम," ती म्हणाली आणि रडायला लागली. कडक इस्त्रीच्या पदराला डोळे पुसत. तिला रडताना मी पहिल्यांदा बघितलं. मी वहीजवळची पट्टी उचलली. त्या वहीत, तिच्या ओळीखाली, एक रेघ मारली. माझ्या रेघा तिच्यासारख्या सरळ येत नाहीत. त्यावर लिहिलं: विजयकर, य. मंगळवार.

दादा वाकून बघत होते. "नवीन इलंस?"

"हो."

"बदली काय कायम?"

गिरणीत बदली म्हणजे काय, हे या भागात कुणाला सांगावं लागत नाही. रोज सकाळी दरवाजावर येऊन उभं राहायचं, कुणी कामावर आलं नाही तर त्याच्या जागी आत जायचं. नाहीतर घरी. "बदली," मी म्हटलं. "हिच्या जागी." त्यांनी माझ्या नावापुढे लिहिलं, बदली. अर्जाचा कागद मी घडी करून पर्समध्ये टाकला, तो अजून तिथेच आहे.

मंगळवारी मी साडेनऊला पोचले. त्यांच्या घड्याळात वीस कमी दहा. पाच मिनिटं लवकर. त्यांनी काळ्या शाईने खूण केली, तेव्हा मला छत्तीस वर्षांतल्या कुठल्याही गोपनीय अहवालापेक्षा बरं वाटलं. शेवंती परळला गेली. मी तिच्या टेबलाशी बसले. काम काय करणार? पण नुसतं बसलं तर दादांना चालेना. "खात्यात बसान कोण रवता?" म्हणून मी कागद घेतले आणि हे लिहायला सुरुवात केली.

आज सातवा मंगळवार. हे शेवटचं पान. मघाशी दादा उठून माझ्यामागे येऊन उभे राहिले होते, कागदावरच्या ओळी बघत. त्यातलं त्यांना किती कळलं, मला ठाऊक नाही. मग ते दारात गेले, वही उघडली, लाल पेन उचललं. म्हटलं, आता काय चुकलं माझं? त्यांनी "बदली" हा शब्द खोडला. वर काय लिहिलं ते बघायला मी उठून गेले. अक्षर थरथरतं होतं, पण वाचता येत होतं.

"कायम केलंय तुका," ते म्हणाले. "आता जा, काम कर."